ड्रोनचा कॅमेरा : उजेडाचे माप कसे धरावे?

खोपोली, कर्जत, खालापूर या भागात ड्रोनने छायाचित्रे आणि चित्रफिती काढण्याचे काम गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाढले आहे. लग्नाचा मंडप, विकायला काढलेला फार्म हाऊसचा प्लॉट, कारखान्याची नवी शेड, पावसाळ्यातला झेनिथ धबधबा, या सर्वांचे वरून काढलेले चित्र आता लोकांना हवे असते. ज्या घरांत पूर्वी फोटो स्टुडिओ, मंडप-डेकोरेशन किंवा लायटिंगचे काम होते, त्या घरांतली मुले या धंद्यात उतरली आहेत. यंत्र उडवायला ती आठ दिवसांत शिकतात. उजेडाचे माप, ज्याला छायाचित्रकार एक्स्पोजर म्हणतात, ते शिकवणारा उस्ताद मात्र सहज मिळत नाही, आणि गिऱ्हाईक पैसे कापते ते नेमके याच जागी.

आम्ही कापडाचे व्यापारी. कॅमेऱ्याशी आमचा संबंध काय, असे वाचक बंधू विचारतील. संबंध असा की, एका लग्नासाठी आमच्या दुकानातून मंडपाच्या झालरीसाठी पांढऱ्या सॅटिनचे दोन तागे गेले होते. महिन्याभराने नवऱ्या मुलाचे चाचा दुकानात आले आणि म्हणाले, ''भाईजान, तुम्ही दोन लॉटचा माल दिलात. अल्बममध्ये एका फोटोत झालर दुधासारखी पांढरी आहे, दुसऱ्यात राखाडी.'' आम्ही उरलेला तुकडा काढून दाखवला, कापड एकाच लॉटचे होते. फरक ड्रोनच्या कॅमेऱ्याने केला होता. पण तोवर फोटोवाल्या मुलाचे शेवटचे पैसे अडले होते आणि बोट आमच्या मालावर ठेवले गेले होते. त्यानंतर आम्ही या विषयाची माहिती जमवली, जाणकारांकडे बसलो, स्वतः करून पाहिले. जे हाती लागले ते येथे देत आहोत.

प्रथम कॅमेरा चुकतो कसा ते समजून घेऊ. कॅमेऱ्याला कापड समजत नाही. समोरून येणाऱ्या सर्व उजेडाची तो सरासरी काढतो आणि ती सरासरी एका मधल्या राखाडी रंगावर आणून बसवतो. हा राखाडी म्हणजे अंगावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के उजेड परत पाठवणारा रंग. आजची यंत्रे थोडी हुशार झाली आहेत, चेहरा ओळखतात, आकाश ओळखतात. तरी मूळ हिशोब हाच आहे. आता पाहा, चांगले धुतलेले पांढरे कापड ८० टक्क्यांहून अधिक उजेड परत पाठवते आणि काळ्या बुरख्याचे कापड जेमतेम ४-५ टक्के. कॅमेरा दोघांनाही १८ वर आणू पाहतो. म्हणून पांढऱ्या कापडाने चौकट भरली की ते राखाडी उतरते आणि काळ्याने भरली की ते विटल्यासारखे दिसते. ईदगाहवर पांढऱ्या कुर्त्यांच्या सफांचे वरून काढलेले चित्र मळकट का दिसते, याचे कारण हेच.

अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या दोघा छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास यावर एक पद्धत बसवली. दाट काळ्यापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत त्यांनी शून्य ते दहा असे अकरा घर केले. मधला राखाडी पाचव्या घरात. चित्र काढण्याआधी समोरची कोणती वस्तू कोणत्या घरात बसवायची हे छायाचित्रकाराने ठरवायचे आणि मग माप धरायचे. आम्हाला ही पद्धत वाचताक्षणी समजली, कारण ते आपले शेड कार्डच झाले. रंगरेजाला कापड देताना आपण ''जमेल तसे रंगव'' असे सांगत नाही, कार्डावर बोट ठेवून शेड सांगतो. कॅमेऱ्यालाही तशीच सांगावी लागते. न सांगितल्यास तो प्रत्येक वेळी पाचव्या घरात हात घालतो.

जमिनीवरच्या फोटोवाल्यापेक्षा ड्रोनवाल्याची अडचण मोठी आहे, कारण त्याची चौकट सतत बदलते. झालरीच्या बाबतीत काय घडले ते पाहा. ड्रोन १० मीटरवर होता तेव्हा चौकटीत बहुतेक मंडपच होता. कॅमेऱ्याने पांढरे पाहून उजेड कमी केला आणि झालर राखाडी झाली. ड्रोन ५० मीटरवर गेला तेव्हा मंडप लहान झाला आणि भोवतीचे वाळलेले गवत, मातीचे मैदान, झाडांची सावली चौकटीत आली. कॅमेऱ्याला एकूण चित्र काळसर वाटले, त्याने उजेड वाढवला आणि झालर इतकी पांढरी झाली की तिच्या चुण्याही नाहीशा झाल्या. ऊन तेच, कापड तेच, वेळ पाच मिनिटांची. चित्रफितीत तर हे अधिक वाईट दिसते. ड्रोन वर चढत असता मध्येच चित्र उजळते, वळला की अंधारते.

याला उपाय एकच: माप स्वयंचलित ठेवू नये. ड्रोन कामाच्या उंचीवर न्यावा, मुख्य वस्तू चौकटीत घ्यावी, माप पाहावे आणि कुलूप लावावे. प्रत्येक चांगल्या ड्रोनच्या अ‍ॅपमध्ये ए.ई. लॉक नावाची सोय असते, किंवा मॅन्युअल पद्धतीवर जाऊन आकडे स्वतः भरता येतात. ऊन बदलत नाही तोवर आकडे बदलू नयेत. ढग आला तर थांबावे, नवे माप धरावे, पुन्हा कुलूप. एवढे केले तरी लॉटची तक्रार निम्म्याहून कमी होते. जे आजही सर्व काही ऑटोवर सोडून उडवतात त्यांच्याबद्दल आम्हाला नवल वाटते. हजारो रुपयांचे यंत्र घेऊन ते पाच रुपयांच्या मेहनतीला कंटाळतात.

आता आकड्यांकडे येऊ. कॅमेऱ्यात उजेड तीन वाटांनी कमी-जास्त होतो. भिंगाचे छिद्र, शटर उघडे राहण्याचा वेळ, आणि आयएसओ म्हणजे आलेला उजेड किती वाढवून घ्यायचा त्याचा आकडा. मोजणी नेहमी दुपटीने होते, तिला स्टॉप म्हणतात. कापडाची घडी घालताना थर १, २, ४, ८, १६ असे वाढतात, अगदी तसे. तीन घड्या म्हणजे आठ थर, तीन स्टॉप म्हणजे आठपट. ज्याला घडी समजते त्याला स्टॉप समजावा, आणखी गणित लागत नाही.

लहान ड्रोनची गोम अशी की बहुतेकांचे छिद्र कायमचे ठरलेले असते. डीजेआय मिनी ३ प्रो आणि मिनी ४ प्रो यांचे एफ/१.७ आहे, ते बदलता येत नाही. मॅव्हिक ३ सारख्या मोठ्या यंत्रात एफ/२.८ ते एफ/११ असे कमी-जास्त होते, पण ते यंत्र महाग. म्हणजे लहान यंत्रवाल्याच्या हाती शटर आणि आयएसओ दोनच उरतात. दिवसा आयएसओ सर्वांत खाली, १०० वर ठेवावा आणि तेथून हलवू नये. तो वाढवला की चित्रात दाणे येतात. लहान ड्रोनचा सेन्सर बोटाच्या नखाएवढाच असतो, त्याला ते सोसत नाही.

जुने फोटोवाले एक नियम पाठ ठेवीत: कडक उन्हात छिद्र एफ/१६ असेल तर शटर एकास आयएसओ, म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० सेकंद. त्या हिशोबाने एफ/२.८ ला शटर सुमारे १/३२०० येते आणि एफ/१.७ ला १/८००० च्याही पुढे. स्थिर छायाचित्रासाठी हे उत्तमच. जितके जलद शटर तितके चित्र स्पष्ट. चित्रफितीला मात्र ते चालत नाही. सेकंदाला २५ चित्रे घेत असाल तर शटर त्याच्या दुपटीचे, १/५० ठेवायचा प्रघात आहे. याहून फार जलद शटर ठेवले की माणसे व गाड्या तुटक, झटके खात चालल्यासारख्या दिसतात. मग १/३२०० वरून १/५० वर यायचे कसे? ३२०० ला ५० ने भागा, ६४ येतात. तेवढा उजेड अडवणारा काळसर काचेचा चष्मा भिंगावर लावायचा. त्यालाच एनडी ६४ फिल्टर म्हणतात. एनडी ८ म्हणजे तीन घड्या, एनडी १६ म्हणजे चार, एनडी ६४ म्हणजे सहा. एफ/१.७ च्या यंत्राला कडक उन्हात एनडी १२८ सुद्धा लागतो. फिल्टर जमिनीवरच, ड्रोन सुरू करण्याआधी बसवावा. स्थिर छायाचित्रे काढताना तो काढून ठेवावा, तेथे त्याचा उपयोग नाही.

रात्रीच्या लग्नात आणखी एक खोड आढळते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते आणि चित्रफितीत पट्टे फिरतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की बहुधा हे थांबते.

आता ज्यात खरे नुकसान आहे तो भाग. उजेड जास्त झाला आणि कमी झाला, या दोन चुका सारख्या नाहीत. कमी उजेडातले चित्र हे मळलेल्या कापडासारखे असते. धुऊन काढता येते, थोडे दाणे राहतात एवढेच. जास्त उजेडातले चित्र ब्लीचने खाल्लेल्या कापडासारखे असते. तंतूच गेला, मग रंगरेज काय करणार? जो भाग पूर्ण पांढरा झाला तेथे कॅमेऱ्याने काही लिहूनच घेतलेले नसते, संगणकावर कितीही वेळ बसा. म्हणून संशय असेल तेव्हा अर्धा स्टॉप खाली राहावे. आणि छायाचित्रे नेहमी रॉ या प्रकारात साठवावीत. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः शिवून, इस्त्री करून दिलेला तयार कपडा, त्यात दुरुस्तीला शिलाईची जागा राहत नाही. रॉ मध्ये ती राहते. कार्डावर जागा जास्त लागते, हे खरे.

उजेड बरोबर आहे की नाही हे पडद्यावर पाहून ठरवू नये. उन्हात उभे राहून मोबाईलच्या पडद्याकडे पाहिले की सगळेच अंधारलेले दिसते, माणूस उजेड वाढवतो आणि घरी आल्यावर कळते की सगळे जळाले. त्यासाठी अ‍ॅपमध्ये हिस्टोग्राम असतो, तो उघडून ठेवावा. ही एक डोंगरासारखी आकृती असते. डावीकडे चित्रातला काळा माल, उजवीकडे पांढरा, आणि जेथे माल जास्त तेथे ढीग उंच. ढीग उजव्या भिंतीला चिकटून उभा राहिला तर पांढरे जळत आहे असे समजावे. झेब्रा नावाची सोय असेल तर जळणाऱ्या भागावर तिरपे पट्टे दिसतात, ती अधिक सोपी. मात्र झेब्रा दिसला की घाबरून सगळे चित्र काळे करणेही बरोबर नाही. पत्र्यावरची उन्हाची चमक, पाण्यावरचा झळाळ, जरीच्या काठाचे लखलखणे, हे जळणारच आणि जळू द्यावे. कापडाचे अंग वाचले पाहिजे, चमक नव्हे.

लाल रंगाबाबत एक गोष्ट आम्हाला आमच्या धंद्यामुळे लवकर दिसली. गडद लाल शालू किंवा लाल गालिचा उन्हात वरून घेतला की त्याची वीण नाहीशी होऊन नुसता लाल डाग उरतो, आणि हिस्टोग्राम तर ठीक दिसतो. कारण कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगवेगळे मोजतो, आणि पुष्कळ अ‍ॅपमध्ये हिस्टोग्राम तिघांचा मिळून एकच दाखवतात. लाल एकटा जळाला तरी एकत्र हिशोबात ते झाकले जाते. लग्नात लाल रंग मोठा असेल तर अर्धा-पाऊण स्टॉप खालीच धरावे.

हा प्रश्न केवळ लग्नाच्या अल्बमचा नाही. आपल्या राज्यात गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली आहे. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी आधी प्रयोग झाला आणि पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. या मोजणीत घराच्या व मोकळ्या जागेच्या हद्दी जमिनीवर चुन्याच्या रेघेने आखतात, भारतीय सर्वेक्षण विभागाचा ड्रोन वरून छायाचित्रे घेतो, त्यावरून नकाशा बनतो आणि मालकाला मिळकत पत्रिका मिळते. आता विचार करा. पांढुरक्या, वाळलेल्या जमिनीवर पांढरी रेघ. माप जास्त धरले तर जमीनही पांढरी, रेघही पांढरी, हद्द दिसेनाशी. माप बरोबर पण शटर मंद असेल तरी तेच. ड्रोन सेकंदाला ५ मीटर पुढे जात असेल आणि शटर १/५० असेल, तर तेवढ्या वेळात तो १० सेंटिमीटर सरकतो, आणि बोटभर रेघ पसरून पुसट होते. शटर १/१००० असेल तर सरकणे अर्धा सेंटिमीटर. सरकारी मोजणीत हे पाहायला शिकलेली माणसे असतात. पण खाजगी प्लॉट, बांधकामाची प्रगती, कारखान्याचे छप्पर यांची कामे आपली मुलेच घेतात, आणि तेथे दोन भावांच्या वाटणीचा किंवा ठेकेदाराच्या बिलाचा वाद त्या चित्रावर बसून सुटतो. अशा कामाला दुपारच्या आसपासची वेळ चांगली, सावल्या आखूड असतात. लग्नाला मात्र तीच वेळ वाईट.

खोपोलीच्या उजेडाचा स्वभावही ध्यानात ठेवावा. आपल्या पूर्वेला बोरघाटाची भिंत उभी आहे. सकाळी सूर्य तिच्या मागून येतो. आकाश लख्ख आणि डोंगर काळा. त्या वेळी डोंगर आणि आकाश दोन्ही एका चौकटीत घेतले तर एकाचा बळी जातो. कॅमेरा खाली झुकवून आकाश कमी करावे, किंवा ए.ई.बी. पद्धतीने एकाच जागेवरून कमी, मध्यम, जास्त अशी तीन किंवा पाच चित्रे घेऊन ती संगणकावर जोडावीत. हलणारी माणसे, झेंडे, वाऱ्याने डुलणारी झाडे असतील तर जोडलेल्या चित्रात त्यांची भुते दिसतात, तेथे हा उपाय करू नये. दुपारी तीन-चारनंतर हीच भिंत समोरून उजळते. डोंगराचे काम त्या वेळी ठेवल्यास अर्धी मेहनत वाचते.

पावसाळ्यात धुके आले की चौकट पांढरी होते आणि कॅमेरा आपल्या सवयीने धुक्याला राखाडी करतो. तेथे पाऊण ते एक स्टॉप वाढवावा. धबधब्याला उलट. काळा कातळ मोठा आणि पाण्याची धार लहान, म्हणून कॅमेरा उजेड वाढवतो आणि पाण्याची नुसती पांढरी पट्टी होते. पाऊण स्टॉप कमी करावा. कातळ थोडा काळा राहिला तर राहू द्यावा, तो आहेच काळा. लहान ड्रोन बहुधा पाण्यापासून सुरक्षित नसतात, पावसाच्या सरीत ते उडवून यंत्र घालवू नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, त्यामुळे बिघडलेले यंत्र बदलणे पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही.

कायद्याचे थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ड्रोनची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड, २ किलोपर्यंतचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर लागते. हिरव्या क्षेत्रात उंचीची मर्यादा १२० मीटर. नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये विमाने सुरू झाली आहेत, त्यामुळे पनवेल-उलवे बाजूचे काम घेणाऱ्याने डिजिटल स्कायचा नकाशा पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय ६० मीटरच्या वर जाता येत नाही, आणि त्याहून जवळ तर परवानगीशिवाय उडवताच येत नाही.

ज्यांना हे शिकायचे आहे त्यांनी एक सराव करावा. कापडाच्या दुकानातून तीन तुकडे आणावेत, प्रत्येकी दोन मीटर: पांढरा लठ्ठा, राखाडी पॉपलीन आणि बुरख्याचे काळे कापड. ते उन्हात गच्चीवर शेजारी शेजारी पसरून कोपऱ्यांवर विटा ठेवाव्यात. ड्रोन १०, ३० आणि ६० मीटरवर नेऊन प्रत्येक उंचीवर आधी ऑटोवर चित्र घ्यावे, मग राखाडी तुकड्यावर माप धरून, कुलूप लावून त्याच तीन उंचींवर पुन्हा घ्यावे. तिसऱ्या खेपेस तेच माप एक स्टॉप खाली आणि एक स्टॉप वर करून पाहावे. सर्व आकडे वहीत लिहावेत. घरी संगणकावर ही चित्रे ओळीने लावली की ऑटोच्या तीन चित्रांत लठ्ठ्याच्या तीन शेड दिसतील, कुलपाच्या तीन चित्रांत एकच. आणि एक स्टॉप वर घेतलेल्या चित्रात लठ्ठा मोठा करून पाहावा. सुरकुत्या दिसत असतील तर त्या दिवशीच्या उन्हात आपल्या यंत्रात तेवढी जागा शिल्लक आहे. नुसता पांढरा चौकोन दिसत असेल तर नाही.